तंबी आणि तश्वीक : अब्बास कियारोस्तामी यांचे दुर्लक्षित शालेय चित्रपट

प्रास्ताविक

इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामी (१९४०-२०१६) यांचे नाव आपल्याकडील चित्रपटप्रेमी वाचकांना अपरिचित नाही. १९९७ साली कान महोत्सवात 'तअमे गीलास' म्हणजे 'चेरीचा स्वाद' या चित्रपटास सर्वोच्च सन्मान मिळाला आणि त्यांचे नाव जगभर झाले. 'क्लोज-अप' (१९९०), 'खाने-ए-दोस्त कुजास्त' म्हणजे 'मित्राचे घर कुठे आहे' (१९८७) हे चित्रपट फिल्म सोसायट्यांतून वारंवार दाखवले जातात व त्यांवर भरपूर लिहिलेही गेले आहे. परंतु या कीर्तीच्या आधी सुमारे वीस वर्षे हा कलावंत मुलांसाठी आणि मुलांविषयी चित्रपट करीत होता. त्यांतील बरेचसे शाळेविषयी आहेत. काही जेमतेम पाच मिनिटांचे, काही तासाभराचे. पूर्ण लांबीच्या कथापटांच्या पंक्तीत न बसल्यामुळे समीक्षकांनी त्यांना उमेदवारीच्या काळातील काम मानले आणि शिक्षणक्षेत्रातील मंडळींपर्यंत तर ते पोहोचलेच नाहीत.

प्रस्तुत लेखात या चित्रपटांपैकी काहींचा परिचय करून द्यावयाचा आहे. त्याचबरोबर एक विधानही मांडावयाचे आहे. भीतीच्या वातावरणात शिक्षकाने विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर येत नाही, अपेक्षित उत्तर येते. आणि ही गोष्ट शिक्षकाला सहसा कळत नाही, कारण अपेक्षित उत्तर ऐकून त्याचे समाधान झालेले असते. कियारोस्तामी यांचे शालेय चित्रपट ही प्रक्रिया प्रत्यक्ष दाखवतात. म्हणून ते चित्रपटाच्या अभ्यासकांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, आपल्यासारख्या अध्यापकांच्या उपयोगाचे आहेत.

'कानून' : एका संस्थेची पार्श्वभूमी

१९६५ साली तेहरानमध्ये बालक व किशोरांच्या बौद्धिक विकासासाठी एक संस्था स्थापन झाली. तिचे लांबलचक फारसी नाव मागे पडून ती 'कानून' या नावानेच ओळखली जाते. उर्दू जाणणाऱ्या वाचकांचा येथे गैरसमज होण्याचा संभव आहे. हा 'कानून' म्हणजे कायदा नव्हे. फारसीत त्याचे अक्षर वेगळे आहे आणि त्याचा अर्थ चूल, शेकोटी, त्यावरून केंद्र असा होतो. ग्रंथालये, सचित्र पुस्तके आणि चित्रपट अशी तिची कामे होती. १९७० च्या सुमारास तिचा चित्रपट विभाग सुरू करण्यात कियारोस्तामी यांचा वाटा होता. बहराम बैझाई, आमिर नादेरी यांसारख्या दिग्दर्शकांनीही या संस्थेसाठी काम केले.

या संस्थेसाठी चित्रपट करताना तिकीटबारीची चिंता नव्हती आणि नामवंत नटांची गरज नव्हती. विषय मात्र ठरलेला होता, तो म्हणजे मूल. उपदेशपर बोधपट काढण्याचा सोपा मार्ग मोकळा असताना कियारोस्तामी यांनी तो टाळला. त्यांचा पहिलाच लघुपट 'नान व कूचे' म्हणजे 'रोटी आणि गल्ली' (१९७०) यात पाव घेऊन घरी निघालेल्या एका मुलाची वाट गल्लीतला कुत्रा अडवतो, एवढेच कथानक आहे. मुलाची भीती येथे विनोदाचा विषय होत नाही. मोठ्यांना किरकोळ वाटणारी अडचण मुलाच्या दृष्टीने केवढी असते, हे दिग्दर्शक त्याच्या उंचीवरून पाहतो. पुढील सर्व शालेय चित्रपटांचे बीज या दहा-अकरा मिनिटांत आहे.

'मश्के शब' : उत्तरे आणि अपेक्षित उत्तरे

या मालिकेतील सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे 'मश्के शब' (१९८९), म्हणजेच 'गृहपाठ'. 'मश्क' म्हणजे सराव आणि 'शब' म्हणजे रात्र. रात्री घरी करावयाचा सराव. स्वतःच्या मुलाच्या गृहपाठावरून घरात अडचणी येऊ लागल्या, तेव्हा हा प्रश्न आपल्याच घरापुरता आहे की सर्वत्र, हे पाहण्यासाठी कियारोस्तामी कॅमेरा घेऊन तेहरानच्या शहीद मासूमी शाळेत गेले. हा कथापट नसून एक पाहणी आहे, असे ते आरंभीच सांगतात.

चित्रपटाची रचना अगदी साधी आहे. एका खोलीत टेबलामागे काळा चष्मा लावलेले कियारोस्तामी बसले आहेत. पहिली-दुसरीतील मुले एकेक करून समोर येऊन उभी राहतात. काल गृहपाठ केला का? का नाही केला? घरी मदत कोण करते? न केल्यास काय होते? मुलांचे चेहरे सरळ कॅमेऱ्याकडे असतात आणि मधूनमधून त्या मुलांना दिसणारा कॅमेराही प्रेक्षकाला दाखवला जातो. म्हणजे प्रेक्षक एकदा मास्तरांच्या जागी असतो, तर एकदा मुलाच्या जागी.

उत्तरांतून हळूहळू घरे दिसू लागतात. आईवडील निरक्षर आहेत किंवा त्यांना नवीन पद्धतीचा अभ्यास समजत नाही. थोरली बहीण शुद्धलेखन घालते. चुकले की मार मिळतो, कधी पट्ट्याने. इराण-इराक युद्धाची (१९८०-१९८८) छाया या खोलीपर्यंत पोहोचलेली आहे. एका मुलाला वैमानिक व्हायचे आहे ते सद्दामला मारण्यासाठी. एक पालक मात्र स्वतःहून कॅमेऱ्यासमोर येऊन अन्य देशांतील शिक्षणपद्धतींशी तुलना करीत सविस्तर बोलतात. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. पण मुलांच्या तुटक वाक्यांपुढे ते भाषण काहीसे फिके पडते, आणि दिग्दर्शकाने ते बहुधा त्याचसाठी ठेवले असावे.

या चित्रपटातील दोन प्रश्न विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला प्रश्न असा : गृहपाठ अधिक आवडतो की कार्टून? जवळजवळ प्रत्येक मूल म्हणते, गृहपाठ. सहासात वर्षांच्या मुलांचे हे उत्तर ऐकून आपण आधी हसतो. नंतर लक्षात येते की ही मुले खोटे बोलत आहेत आणि खोटे बोलण्याचा हा धडा त्यांना कोणी पाठ्यपुस्तकातून दिलेला नाही. समोर टेबलामागे मोठा माणूस बसला आहे, त्याला काय ऐकायचे आहे हे ओळखणे, एवढे त्यांनी शाळेत पक्के शिकून घेतले आहे.

दुसरा प्रश्न दोन शब्दांच्या अर्थाचा आहे. 'तंबीह' म्हणजे काय? मुले चटकन सांगतात : मार, पट्टा, फटके. 'तश्वीक' म्हणजे काय? येथे अनेक मुले अडखळतात. हा शब्द त्यांना माहीतच नाही. तश्वीक म्हणजे उत्तेजन, शाबासकी.

मराठी वाचकाने या ठिकाणी थोडे थांबावे. फारसीच्या द्वारे मराठीत जे शेकडो शब्द आले त्यांत 'तंबी' आहे. आज आपण तंबी देतो ती तोंडी. पण जुन्या दप्तरी कागदांत 'तंबी करणे' म्हणजे चांगली अद्दल घडवणे असाही अर्थ आढळतो. तंबी आली, हजेरी आली, दप्तर आले. 'तश्वीक' मात्र आला नाही. अर्थात एखादा शब्द उसना न घेतल्यावरून समाजाची परीक्षा करणे शास्त्रशुद्ध होणार नाही. उत्तेजन, शाबासकी हे शब्द आपल्याकडे आहेतच. तरीही तेहरानच्या त्या मुलांना जो शब्द ठाऊक होता तोच आपल्या भाषेत रुजला, हा योगायोग विसरता येत नाही.

चित्रपटाच्या शेवटी माजीद नावाचा मुलगा येतो. तो इतका घाबरलेला आहे की प्रश्न ऐकूच शकत नाही. तो रडतो, हात जोडल्यासारखा उभा राहतो आणि माझ्या मित्राला आत बोलवा म्हणून सारखा विनवतो. मित्र मोलाई येऊन त्याच्या मागे नुसता उभा राहिल्यावर माजीद परमेश्वराच्या स्तुतीची कविता न अडखळता म्हणून दाखवतो. या मुलाला येत नव्हते असे नाही. पाठीशी कोणीतरी आपले आहे, एवढीच त्याची गरज होती. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात 'सुरक्षित वातावरण' या मथळ्याखाली जे पानभर लिहिलेले असते, ते येथे काही मिनिटांत समजते.

'प्रकरण पहिले, प्रकरण दुसरे' : निष्ठा कोणाशी?

१९७९ साली, इराणमधील क्रांतीच्या धामधुमीत, कियारोस्तामी यांनी तासाभराहून कमी लांबीचा एक विलक्षण चित्रपट केला. त्याच्या नावाचा अर्थ 'प्रकरण पहिले, प्रकरण दुसरे' असा सांगता येईल. शिक्षक फळ्यावर कानाची आकृती काढीत आहेत. त्यांची पाठ वळली की मागून कोणीतरी बाकावर ठोकल्याचा आवाज येतो. आवाज कोणी केला हे सांगत नाही तोवर, असे बजावून मागच्या सात मुलांना वर्गाबाहेर काढले जाते. पहिल्या प्रकरणात एक मुलगा आत येऊन नाव सांगतो आणि आपल्या जागी बसतो. दुसऱ्या प्रकरणात कोणीच नाव सांगत नाही. सातही जण शिक्षेची मुदत बाहेर उभे राहून काढतात.

ही दोन दृश्ये पाहून पालकांनी, कलावंतांनी, निरनिराळ्या धर्मांच्या आचार्यांनी आणि राजकीय पुढाऱ्यांनी आपली मते कॅमेऱ्यासमोर दिली आहेत. नव्या राजवटीतील सादिक कुत्बजादे आणि क्रांतिकारी न्यायालयाचे न्यायाधीश सादिक खल्खाली हेही त्यांत आहेत. बहुतेकांचा कल मौन पाळणाऱ्या मुलांकडे दिसतो, तर काहींना मूळ दोष शिक्षकाच्या पद्धतीत वाटतो. चर्चा वर्गाची चालली आहे, पण बोलणाऱ्यांच्या मनात देश आहे, हे पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. पुढे या चित्रपटावर बंदी आली. कुत्बजादे यांना १९८२ साली त्याच राजवटीने मृत्युदंड दिला. आज हा चित्रपट पाहताना प्रत्येक वक्त्याच्या चेहऱ्यामागे त्याचे पुढचे आयुष्य उभे राहते.

आपल्या दृष्टीने यातील मर्म वेगळे आहे. वर्गातील एका क्षुल्लक आवाजासाठी शिक्षकाने मुलांपुढे जो पर्याय ठेवला, तो मुळातच वाईट होता. मित्राला दगा द्या किंवा शिक्षणाला मुका. दोन्ही बाजूंनी मुलाचे नुकसानच आहे. सामुदायिक शिक्षा करताना आपण विद्यार्थ्यांच्या निष्ठेची परीक्षा घेत असतो, हे किती शिक्षकांच्या ध्यानात येते? कियारोस्तामी स्वतः निकाल देत नाहीत. ते प्रकरण मांडून बाजूला होतात.

आणखी काही चित्रपट

'मुसाफिर' (१९७४) हा कृष्णधवल चित्रपट मलायेर या गावातील कासिम नावाच्या मुलाचा आहे. त्याला तेहरानला जाऊन फुटबॉलचा सामना पाहायचा आहे. पैसे चोरल्याचा संशय येताच आई त्याला मुख्याध्यापकांकडे नेते, ते त्याच्या हातांवर छड्या मारतात आणि तो कबूल होत नाही. पुढे फिल्म नसलेल्या कॅमेऱ्याने शाळकरी मुलांचे फोटो काढल्याचे सोंग करून तो पैसे जमवतो, रात्रीच्या बसने राजधानी गाठतो, आणि सामन्याआधी हिरवळीवर आडवा झाला असता त्याला झोप लागते. स्वप्नात त्याला शिक्षा होते. जागा होतो तेव्हा मैदान रिकामे झालेले असते. कासिमने अनेकांना फसवले आहे. तरी हा चित्रपट 'वाईट कामाचे फळ वाईट' असा धडा देत नाही. एवढी चिकाटी, हिशेब आणि कल्पकता असलेला मुलगा वर्गात मात्र ढ ठरतो, हा खरा प्रश्न तो मागे ठेवतो.

'अव्वलीहा' म्हणजे 'पहिलीची मुले' (१९८४) या अनुबोधपटाचा बराच भाग शाळेतील प्रमुखांच्या कार्यालयात घडतो. उशिरा आलेली, मारामारी केलेली मुले आणली जातात. हे गृहस्थ चौकशी करतात, खोदून विचारतात, माफी मागायला लावतात, समेट घडवतात. हा मनुष्य दुष्ट नाही. उलट पुष्कळ सोशिक आहे. तरीही त्याच्या टेबलाशी उभे राहिलेले मूल आरोपीच दिसते. 'मश्के शब' पाहण्यापूर्वी हा चित्रपट पाहिल्यास पुढच्या चित्रपटाचे मूळ कोठे आहे ते कळते.

'एका प्रश्नाची दोन उत्तरे' (१९७५) हा चारपाच मिनिटांचा लघुपट तर कोणत्याही वर्गात दाखवण्याजोगा आहे. मित्राकडून परत आलेली वही फाटलेली निघते. पहिल्या उत्तरात सुडाला सूड, पेन्सिल मोडते, सदरा फाटतो, दोघेही जखमी. दुसऱ्या उत्तरात फाटलेले पान डिंकाने चिकटवले जाते. 'हमसरायान' म्हणजे 'समूहगान' (१९८२) यात ऐकू कमी येणारा एक आजोबा कानातील यंत्र काढून घरात बसला आहे आणि दाराबाहेर नात हाका मारीत आहे. एकटीचा आवाज पोहोचत नाही. शेवटी शाळेतून सुटलेल्या मुली एकत्र येऊन ओरडतात. मुलांचे म्हणणे मोठ्यांच्या कानी पडत नाही, ही तक्रार इतक्या प्रसन्न रीतीने क्वचितच मांडली गेली असेल.

काही आक्षेप

या चित्रपटांची केवळ प्रशंसा करून थांबणे योग्य होणार नाही. पहिला आक्षेप नैतिक आहे. 'मश्के शब'मध्ये काळा चष्मा लावून, टेबलामागे बसून प्रश्न विचारणारे कियारोस्तामी स्वतःच पोलिसी चौकशी करणाऱ्यासारखे दिसतात. माजीद ज्या भीतीने रडतो तिच्यात कॅमेऱ्याचाही वाटा आहे. रडणाऱ्या मुलाचे चित्रण चालू ठेवणे कितपत उचित? याचे पूर्ण समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. एवढे मात्र म्हणता येते की दिग्दर्शकाने आपला हा दोष लपवलेला नाही. कॅमेरा आणि स्वतःची आकृती पडद्यावर ठेवून त्यांनी स्वतःलाही आरोपींच्या रांगेत उभे केले आहे.

दुसरा आक्षेप असा की हे चित्रपट बहुतांशी मुलग्यांचे आहेत. ज्या थोरल्या बहिणी रात्री भावाचा अभ्यास घेतात, त्यांचा स्वतःचा गृहपाठ कधी होतो, हे 'मश्के शब' विचारत नाही. चित्रण मुलग्यांच्या शाळेत झाले हे कारण खरे असले तरी उणीव राहतेच. 'हमसरायान' ती थोडीफार भरून काढतो.

तिसरा मुद्दा शिक्षकांचा. या चित्रपटांत शिक्षकाची बाजू फार थोडी येते. गर्दीचे वर्ग, तुटपुंजी साधने, वरून येणारी परिपत्रके यांची झळ त्यालाही बसत असते. आपल्याकडे २००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर'ने एक आदर्श शिक्षक उभा करून प्रेक्षकांचे समाधान केले. कियारोस्तामी यांच्याकडे असा तारणहार येत नाही. त्यामुळे शिक्षक प्रेक्षक दुखावण्याचा संभव अधिक. पण माझ्या मते हेच या चित्रपटांचे बलस्थान आहे. आदर्श शिक्षकाची गोष्ट पाहून आपण त्याच्याशी एकरूप होतो आणि निश्चिंत मनाने घरी जातो. येथे तशी सोय नाही.

आपल्या महाविद्यालयांच्या संदर्भात

हे सर्व चित्रपट लहान मुलांचे असताना महाविद्यालयीन अध्यापकांनी ते का पाहावेत, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. महाविद्यालयात तर छडीचा प्रश्नच नाही. परंतु 'मश्के शब'मधील मुलेच दहाबारा वर्षांनी आपल्यासमोर प्रथम वर्षाच्या वर्गात येऊन बसतात. ज्यांच्या घरी अभ्यासात मदत करणारे कोणी नाही, जे घरातून शिकणारे पहिलेच आहेत, असे कितीतरी विद्यार्थी आपल्या सीमाभागातील व शहरांतील महाविद्यालयांत आहेत. "समजले का?" असे विचारल्यावर सगळा वर्ग "हो सर" म्हणतो. ते "हो" आणि "गृहपाठ आवडतो" हे एकाच जातीचे उत्तर आहे. दुसऱ्याची वही उतरवून दिलेले जर्नल, मार्गदर्शिकेतून पाठ केलेले उत्तर, तोंडी परीक्षेत खाली गेलेली मान, यांकडे आपण आळस किंवा अप्रामाणिकपणा म्हणून पाहतो. त्यामागे खरे उत्तर देण्याची भीती असू शकते, ही शक्यता या चित्रपटांमुळे मनात येते.

व्यावहारिक सूचना करावयाची तर, 'एका प्रश्नाची दोन उत्तरे' आणि 'नान व कूचे' हे दोन लघुपट मिळून एका तासिकेच्या निम्म्या वेळात पाहून होतात. उरलेला वेळ चर्चेला द्यावा. 'प्रकरण पहिले, प्रकरण दुसरे' शिक्षणशास्त्र, राज्यशास्त्र व मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून दाखवावा. दोन्ही प्रकरणे झाल्यावर तेथेच थांबवून आधी विद्यार्थ्यांची मते लिहून घ्यावीत, मग पुढाऱ्यांची ऐकवावीत. 'मश्के शब' मात्र प्रथम अध्यापकांनीच, विद्यार्थ्यांविना पाहावा. उर्दू व फारसी विभागांना या चित्रपटांतील रोजची बोली ऐकण्याचाही लाभ होईल. 'मश्क', 'मुसाफिर', 'दोस्त', 'दफ्तर' असे परिचित शब्द तेहरानी उच्चारात ऐकताना विद्यार्थ्यांची गोडी वाढते.

समारोप

'तंबीह' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ जागे करणे, सावध करणे असा आहे. भाषेच्या प्रवासात त्याचा मार झाला. 'तश्वीक' ज्या धातूपासून निघाला त्याच धातूपासून आपल्याकडे रुळलेला 'शौक' आला. म्हणजे तश्वीक करणे याचा अर्थ दुसऱ्याच्या मनात शौक, ओढ निर्माण करणे. शिक्षकाची दोन्ही कामे या दोन शब्दांत सामावलेली आहेत. मोलाईने माजीदसाठी केले ते याहून वेगळे नव्हते. तो काही बोलला नाही, त्याने उत्तर सुचवले नाही, तो फक्त मागे उभा राहिला. पुढच्या तोंडी परीक्षेला एखादा विद्यार्थी आपल्यासमोर गप्प उभा राहील, तेव्हा त्याच्या नावापुढे शून्य लिहिण्याआधी आपल्याला माजीद आठवला, तरी हे चित्रपट पाहिल्याचे सार्थक होईल.